उताऱ्याआधी प्रश्न

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला घेतले की गुण देण्याआधी मी कोऱ्या जागा पाहते. दहावीच्या इंग्रजीत मूल कुठे चुकलं यापेक्षा ते कुठे काहीच लिहू शकलं नाही, यावरून पुढच्या महिन्या-दीड महिन्यात काय करायचं ते ठरतं. आमची शाळा बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली, मराठी माध्यमाची. राज्यात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीचं मूल दहा वर्षं ही भाषा वहीत उतरवत आलेलं असतं. तरीही कोऱ्या जागा असतातच. गंमत वाटेल, पण त्या अवघड उताऱ्यापाशी फारशा नसतात. सूचना बदलते तिथे त्या असतात.

एका पेपरात 'स्टेट व्हेदर द फॉलोइंग स्टेटमेंट्स आर ट्रू ऑर फॉल्स' या सूचनेखालची चारही विधानं वळणदार अक्षरात उतरवलेली असतात आणि पुढे ट्रूही नाही, फॉल्सही नाही. दुसऱ्यात 'पिक आउट' म्हटल्यावर उताऱ्यातलं अख्खं वाक्य लिहिलेलं असतं, हवा होता त्यातला एक शब्द. 'अटेम्प्ट एनी फोर' असूनही कुणी सगळे सोडवत बसतं, कुणी पहिला सोडवून पुढे निघून जातं. 'गिव्ह रीझन्स' आणि 'गिव्ह वन वर्ड' यांत 'गिव्ह' तेवढं ओळखीचं वाटतं आणि मूल दोन्हींना एकच उत्तर देतं. या मुलांना उतारा समजलेला असतो. तोंडी विचारलं तर मराठीत अचूक सांगतात. आपल्याला काय करायला सांगितलंय, हेच त्यांनी वाचलेलं नसतं.

आता प्रश्नपत्रिकेला कृतिपत्रिका म्हणतात आणि ते नाव अगदी योग्य आहे. तृतीय भाषा म्हणून इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, तीन तासांची. सुरुवातीला १० गुणांचे शब्दांचे आणि वाक्यांचे छोटे प्रश्न, मग पुस्तकातले दोन उतारे २० गुणांना, कविता १०, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश मिळून १५, लेखन २० आणि शेवटी भाषांतर ५. जवळजवळ प्रत्येक ओळीत एक नवी क्रिया असते : पूर्ण करा, जोड्या लावा, क्रमाने मांडा, शोधा, पुन्हा लिहा, कारण द्या. सगळ्या मिळून पंचवीस-तीस क्रियापदं. एवढी क्रियापदं ज्या मुलाला पक्की येतात, त्याच्यासमोर पेपर उघडा असतो. ज्याला येत नाहीत, त्याची बाकी सगळी तयारी दाराबाहेर उभी राहते.

म्हणून जानेवारीच्या जादा तासांना मी उतारे कापून टाकते. झेरॉक्सवर फक्त सूचना ठेवते, खाली चौकटी आणि रिकाम्या ओळी. सुरुवातीला मुलं गोंधळतात. "मॅडम, उताराच नाही, उत्तर कुठून काढायचं?" उत्तर काढायचंच नसतं. प्रत्येक सूचना मोठ्याने वाचायची आणि मराठीत तीन गोष्टी सांगायच्या : किती लिहायचं, कुठून घ्यायचं, कशात लिहायचं. 'कम्प्लीट द वेब' आलं की कुणीतरी म्हणतं, "चार गोष्टी, उताऱ्यातून, गोलात." 'रीराइट द सेंटेन्स बिगिनिंग विथ' आलं की, "एकच वाक्य, तेच वाक्य, पण सुरुवात त्यांनी दिलेली." हा 'तेच वाक्य, पण' सापडायला काही जणांना आठवडा लागतो. कच्ची समजली जाणारी मुलं या खेळात पुढे असतात, कारण इथे स्पेलिंग लागत नाही, नीट पाहावं लागतं. मागच्या बाकावरचा मुलगा सूचना फोडून सांगतो आणि पुढची हुशार मुलगी आपली वही दुरुस्त करते, असं घडतं तेव्हा वर्गाची हवाच बदलते.

मग उतारा परत येतो, पण तोही प्रश्न वाचून झाल्यावर. आधी प्रश्न, मग उतारा, मग पुन्हा प्रश्न. मुलांना ही सवय नसते. पेपर हातात पडला की पहिल्या ओळीपासून पुटपुटत वाचत जायचं, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि तिथेच थबकायचं, हे वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं असतं. अडलेला शब्द ओलांडून पुढे जायला हिंमत लागते आणि ती जोरात वाचून येत नाही. मी त्यांना उताऱ्यातले चार अवघड शब्द पेन्सिलने खोडायला लावते आणि विचारते, आता उत्तर सापडतं का? बहुतेक वेळा सापडतं. खोडलेल्या शब्दांशिवाय उत्तर मिळालं की चेहऱ्यावर जो विश्वास दिसतो, तो कुठल्याही गाईडात मिळत नाही.

गाईडाविषयी माझी तक्रार नाही. 'नवनीत' असो की '२१ अपेक्षित', गावातल्या मुलाला छापील नमुना पेपर मिळण्याची सोय तीच आहे आणि मीही ते वर्गात वापरते. खंत एवढीच की गाईडात उत्तर प्रश्नाला चिकटूनच येतं. वाचणाऱ्याची नजर आपसूक उत्तरावर जाते आणि प्रश्न वाचायचा राहून जातो. म्हणून त्यांतले नमुना पेपर सोडवताना उत्तरांची पानं स्टेपल करून बंद ठेवायची, असा आमच्या वर्गाचा नियम आहे.

सुरुवातीच्या शब्दखेळांवर मी फार वेळ देत नाही. उलट त्यांना आवर घालावा लागतो. शब्दसाखळी मुलांना फार आवडते. 'पेपर'च्या आरवरून 'रोड', डीवरून 'डोअर', मग 'रिव्हर'. दोन गुणांसाठी काही जण पंधरा-वीस मिनिटं रंगून बसतात आणि पत्रलेखनापर्यंत पोहोचतात तेव्हा शेवटचा टोल वाजायला आलेला असतो. मनगटावर घड्याळ बांधा आणि पहिला प्रश्न वीस मिनिटांत संपवा, एवढंच सांगते.

उताऱ्याखालचे पाच प्रश्न ठरलेल्या चढणीचे असतात. पहिला सरळ माहितीचा, दुसऱ्याला थोडा विचार लागतो, तिसरा शब्दांचा, चौथा व्याकरणाचा आणि पाचवा 'पर्सनल रिस्पॉन्स', म्हणजे तुझं मत सांग. प्रत्येकी दोन गुण. पहिल्या चारांची उत्तरं कागदावर कुठेतरी असतात. पाचव्याचं उत्तर मुलाजवळ असतं. सर्वांत जास्त कोऱ्या जागा इथेच दिसतात. ज्या कोऱ्या नसतात त्यांत उताऱ्याच्याच दोन ओळी पुन्हा उतरवलेल्या असतात. मला विचाराल तर संपूर्ण कृतिपत्रिकेत हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि त्याला दोनपेक्षा जास्त गुण असायला हवेत. तीन तासांत एवढ्या जागीच मुलाला कुणीतरी विचारतं की, तुला काय वाटतं?

यंदा हा प्रश्न मी रस्किन बाँड यांच्या 'द बॉय हू ब्रोक द बँक' या धड्यावर घेतला. पीपलनगरच्या बँकेत झाडलोट करणारा नथू पगार मिळाला नाही म्हणून कुरकुरतो. ती कुरकुर एका कानातून दुसऱ्या कानात जाताना फुगत जाते, बँक बुडाली अशी आवई उठते आणि लोक पैसे काढायला धावतात. पुस्तकात हा विनोदी धडा आहे आणि मुलं हसलीही. मग मी विचारलं, आपल्याकडे अशी अफवा कुणी ऐकली आहे का? हात भराभर वर आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मोबाईलवरचे मेसेज यांच्या लहानपणी गावोगाव पोहोचले होते. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी अशाच अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना ठार मारलं, हे मी त्यांना सांगितलं. तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत होती. काहींनी मोठ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, पण नीट माहीत कुणालाच नव्हतं.

मग फळ्यावर प्रश्न लिहिला : अफवा ऐकल्यावर तू काय करशील? अट एवढीच की तीन वाक्यं लिहायची, प्रत्येक वाक्य फार तर पाच-सहा शब्दांचं आणि गाईडातलं एकही नाही. एका मुलीने लिहिलं, 'पीपल डिड नॉट आस्क. दे बीट. आय विल आस्क.' दुसऱ्या वाक्यात 'देम' राहिलं होतं आणि बोर्डाच्या पेपरात तेवढं वाक्य अपुरं ठरलं असतं. मी 'देम' घालून घेतलं, बाकी काही बदललं नाही. नऊ-दहा शब्दांत तिने लोकांनी काय केलं नाही, काय केलं आणि आपण काय करू हे सांगितलं होतं, तेही नकार, भूतकाळ आणि भविष्यकाळ यांतून फिरत. काळांचे तक्ते वर्षभर फळ्यावर होते. ते कशासाठी असतात, हे वर्गाला त्या तीन वाक्यांत दिसलं.

तिथून पुढे रोज जादा तासाची सुरुवात अशा तीन वाक्यांनी होऊ लागली. विषय घरचे, गावचे. दिवाळीनंतर आमच्या पट्ट्यातली अनेक घरं ऊसतोडीला जातात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत. दहावीचं मूल आजीपाशी किंवा वसतिगृहात राहतं आणि आई-वडिलांच्या कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आधीच त्याची परीक्षा येऊन ठेपते. 'माय मदर कॉल्स अ‍ॅट नाइट' असं वाक्य वहीत येतं, तेव्हा तिथे 'एस' लावायचा की नाही हे मूल आयुष्यभर विसरत नाही. या वाक्यांवर मी लाल रेघा ओढत नाही. एका दिवशी एकच चूक निवडायची, फळ्यावर घ्यायची, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची. दहा चुका दाखवल्या की मूल पुन्हा गाईडाकडे वळतं, कारण तिथे चूक होत नाही.

लेखनाच्या वीस गुणांत साचे असतातच आणि साचे पाठ करायला माझी हरकत नाही. पत्राचा पत्ता, तारीख, विषय आपापल्या जागी आले की निम्मं काम होतं. स्वतःचं नाव लिहायचं नाही, पेपरात दिलेलं नाव वापरायचं, एवढं मात्र रोज सांगावं लागतं. उताऱ्यातली माहिती तक्त्यात किंवा झाडासारख्या आकृतीत मांडायचा प्रश्न मुलांना सोपा जातो. संवादलेखनात आमची मुलं खुलतात, कारण बोलणं त्यांच्या अंगात आहे. किमान तीन देवाणघेवाणी हव्यात, म्हणजे एकाने विचारलं, दुसऱ्याने सांगितलं, असं तीनदा. इथे मी दोघांना समोर उभं करून आधी मराठीत बोलायला लावते, मग तेच इंग्रजीत, मग कागदावर. कवितेच्या रसग्रहणात शीर्षक, कवी, यमकाची रचना, अलंकार यांचे तीन गुण पाठांतरातून मिळतात. आशयाचे दोन गुण राहतात आणि तिथे पुन्हा तीच तीन वाक्यं कामी येतात.

भाषांतराचे पाच गुण शेवटी असतात आणि बऱ्याच शाळांत ते शेवटीच उरकतात. मी ते आधी घेते. मराठी चांगली असलेलं मूल इथे इंग्रजीवर मात करतं. म्हण समोर आली की शब्दाला शब्द न लावता आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात ते आठवायचं असतं आणि आजीपाशी वाढलेल्या मुलांकडे ते भरपूर असतं.

इंग्रजीच्या निकालावर किती मुलांचं भवितव्य टांगलेलं असतं, ते २०१९मध्ये दिसलं. त्या वर्षी भाषांचे शाळेकडचे २० गुण काढून लेखी पेपर १०० गुणांचा केला होता. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी २० गुण परत आले, पण मुलं पस्तिशीच्या किती कडेला उभी असतात हे आम्हा सगळ्यांना दिसून गेलं. काठावरच्या मुलाला मी वेगळं काही शिकवत नाही. त्याला सूचना वाचता आल्या आणि चार उताऱ्या-कवितांचे पहिले दोन प्रश्न सोडवता आले की तो बुडत नाही. त्याच्याकडून पाचवा प्रश्नही लिहून घेतेच, कारण तो त्याचाही आहे.

कॉपीमुक्त अभियानाची पत्रकं दरवर्षी येतात, शपथ होते, केंद्रावर पथकं येतात. ते व्हायलाच हवं. पण ज्याला प्रश्न वाचता येतो त्याला चिठ्ठीचा मोह कमी होतो, हा माझा अनुभव आहे. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याची चिठ्ठी कुणी बनवू शकत नाही आणि चिठ्ठीवरचं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हेही चिठ्ठी सांगत नाही.

२०२३पासून पेपर दहा मिनिटं आधी वाटण्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. आधी ती दहा मिनिटं निव्वळ वाचण्याची असायची, आता हातात पेन असतो आणि मूल लगेच लिहायला लागतं. म्हणून सरावातच सवय लावते. पेपर मिळाला की पेन बाकावर आडवं ठेवायचं, सगळी पानं उलटून सूचनांखाली बोट फिरवायचं आणि मगच टोपण काढायचं. शेवटी मिळणाऱ्या दहा मिनिटांत कोऱ्या जागा शोधायच्या.

पेपर सुटल्यावर मुलं केंद्राच्या फाटकाबाहेर प्रश्नपत्रिका घेऊन येतात. कसा गेला, हे मी विचारत नाही. पाचव्या प्रश्नाला काय लिहिलंस, असं विचारते. यंदा त्यावरून तिथेच वाद रंगला. 'दे बीट' लिहिणाऱ्या मुलीने मैत्रिणींना आपलं उत्तर म्हणून दाखवलं आणि एकीने तिच्या तिसऱ्या वाक्यातलं क्रियापद चुकल्याचं सांगितलं. दोघी प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलने वाक्य लिहून खोडत राहिल्या, पूर्ण दोन गुण मिळतील की दीड, यावर एकमत होईना. मला विचारलं, तेव्हा मी दीड म्हणाले. ते तिला पटलं नाही आणि का पटलं नाही, हे ती मला सांगू लागली, तेवढ्यात गावाकडची एसटी लागली आणि हिंदीच्या पेपराची आठवण काढत सगळ्या धावल्या.