मनोरा रचणे हा खेळ आहे काय?

गोकुळाष्टमी जवळ आली की दवाखान्यात एका ठराविक मागणीसाठी पालक येतात. मुलगा दहा-बारा वर्षांचा, अंगाने सडपातळ. वडील कौतुकाने सांगतात, "डॉक्टरसाहेब, पोरगा हलका आहे, चपळ आहे. पथकवाले वरच्या थरावर यालाच घेतो म्हणतात. आता सरकारनं याला खेळ म्हटलं आहे, तर फिटनेसचं सर्टिफिकेट तेवढं द्या." असे प्रमाणपत्र मी देत नाही. का देत नाही, हे सांगताना दर वेळी एक मोठा प्रश्न समोर येतो. माणसांवर माणसे चढवून मनोरा रचणे हा खेळ मानायचा की नाही? आणि मानलाच, तर त्याने मुलाच्या प्रकृतीच्या दृष्टीने काय फरक पडतो?

हाच वाद अमेरिकेत चीअरलीडिंगवरून अनेक वर्षे चालू आहे. आपल्याकडे चीअरलीडर म्हटले की आयपीएलच्या सामन्यात चौकार-षटकारानंतर नाचणाऱ्या मुली डोळ्यांपुढे येतात. २००८ साली आयपीएल सुरू झाले तेव्हा त्यावर आपल्या राज्यात बराच गदारोळ झाला होता. २०१० मध्ये जामठ्याच्या मैदानावर आयपीएलचे सामने झाले, तेव्हा नागपूरकरांनीही हा प्रकार जवळून पाहिला. पण मूळचे चीअरलीडिंग वेगळे. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात ते सुरू झाले, तेव्हा त्यात केवळ मुलगे होते. मुली १९२३ पासून आल्या. पुढे त्यात कोलांट्या, हवेत फेकून झेलणे, तीन-तीन थरांचे मनोरे अशा कसरती आल्या आणि स्वतंत्र स्पर्धा भरू लागल्या. म्हणजे तो आपल्या दहीहंडीचा दूरचा भाऊच म्हणायचा.

न्यायालय काय म्हणाले?

२०१० मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यात एक खटला गाजला. क्विनिपिऍक विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजी चीअरलीडिंगचा संघ 'खेळ' म्हणून दाखवला. मुली न्यायालयात गेल्या. न्यायाधीशांनी निकाल दिला की, या प्रकाराला अजून ठरलेले नियम आणि नियमित स्पर्धांची घडी नाही, म्हणून त्यास तूर्त खेळ म्हणता येणार नाही. मेहनत किंवा कौशल्य कमी पडते, असे न्यायालयाचे म्हणणे नव्हते. उणीव व्यवस्थेची होती. पुढे २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने चीअरलीडिंगच्या जागतिक संघटनेला तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. अर्थात मान्यता मिळाली म्हणजे ऑलिम्पिकमध्ये समावेश झाला, असे नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रवास उलट दिशेने झाला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत ठेवण्याचा आणि १८ वर्षांखालील मुलांना न घेण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१६ साली त्याच अटी कायम राहिल्या. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची अट काढली. १४ वर्षांखालील मुलांना सहभागी करून घेणार नाही, ही शासनाची हमी त्या वेळी नोंदवली गेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची, गोविंदांना ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ देण्याची आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये देण्याची घोषणा झाली. २०२३ मध्ये मुंबईत 'प्रो गोविंदा' स्पर्धाही भरली. थोडक्यात, दर्जा आधी आला, व्यवस्था मागून येते आहे.

शरीर काय म्हणते?

शरीराला शासननिर्णय कळत नाही, त्याला फक्त वजन आणि वेग कळतो. समजा, खालून वर ६, ४, ३, २ आणि १ अशी १६ जणांची रचना आहे आणि प्रत्येकाचे वजन ५० किलो आहे. तळाच्या सहा जणांवर वरच्या दहा जणांचे ५०० किलो येतात, म्हणजे सरासरी प्रत्येकी ८३ किलो. हा भार कधीच सारखा वाटला जात नाही. वरचा एक जण जरा झुकला की खालच्या एकाच खांद्यावर तो दीडपट होतो. खांदा, मान, कमरेच्या मणक्यांमधील गाद्या आणि गुडघे हे सारे काही मिनिटे ताणाखाली राहतात. याला व्यायाम म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आता वरच्या मुलाचा विचार करू. २० फुटांवरून सुटलेले शरीर साधारण सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. ४० फुटांवरून तो ५५ च्या घरात जातो. रस्त्यावर हेल्मेटशिवाय त्या वेगाने गाडीवरून पडणे आणि डांबरी चौकात मनोऱ्यावरून पडणे यात कवटीच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ४३.७९ फुटांचा विक्रम केला. त्या कौशल्याचे कौतुक करताना हा हिशेबही ध्यानात ठेवावा.

लहान मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी अधिक आहेत. त्यांचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे पडताना ते डोक्यावर पडण्याचा संभव जास्त. दुसरे असे की, त्यांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात. तिथे दुखापत झाली तर हात किंवा पाय पुढे वाकडा वा आखूड राहू शकतो. मूल हलके आहे, या कारणाने त्याला वर पाठवले जाते. पण त्याच्या वयाची हाडे आणि मेंदू हीच तर त्याला वर न पाठवण्याची कारणे आहेत.

त्यात आपल्या सणाची काही खास भर असते. आदल्या दिवशीचा उपवास, मध्यरात्रीपर्यंतचे जागरण, सकाळपासून रिकामे पोट, उकाडा आणि वरून ओतले जाणारे पाणी. ओल्या खांद्यावरून पाय सहज निसटतो. उपाशी व झोप न झालेल्या माणसाचा तोल आणि पकड दोन्ही कमी झालेली असतात. कोणी मद्य घेऊन थरात उभा राहिला तर तो स्वतःबरोबर पंधरा जणांचा जीव टांगणीला लावतो.

डॉक्टर मंडळी 'खेळ म्हणा' असे का म्हणतात?

चीअरलीडिंगमध्ये एकूण दुखापतींचे प्रमाण इतर अनेक खेळांपेक्षा कमी आढळते. पण अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांतील मुलींना खेळांत झालेल्या अतिगंभीर इजांपैकी, म्हणजे मेंदूच्या व मणक्याच्या इजांपैकी, निम्म्याहून अधिक एकट्या चीअरलीडिंगमधल्या निघाल्या. दुखापती थोड्या, पण होतात त्या आयुष्यभराच्या. म्हणून २०१२ साली तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने शिफारस केली की, याला खेळ म्हणून मान्यता द्यावी. कारण खेळ ठरला की प्रशिक्षित शिक्षक, सरावाची योग्य जागा, हंगामापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि प्रथमोपचाराची सोय करणे शाळेवर बंधनकारक ठरते. मनोरा दोन माणसांच्या उंचीपेक्षा वर नको आणि तो गादी किंवा हिरवळीसारख्या मऊ जागेवरच रचावा, असेही त्यांनी सांगितले.

स्पेनमधील कॅटलोनियात आपल्यासारखेच आठ-नऊ थरांचे मनोरे रचतात. २०१० साली युनेस्कोने या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. तेथे तळाशी शेकडो माणसे घट्ट वर्तुळात उभी राहतात. वरून पडणारा त्यांच्या अंगावर पडतो, दगडी चौकात नाही. २००६ मध्ये एका लहान मुलीचा मृत्यू झाल्यावर तेथे वरच्या थरावरील मुलांसाठी खास हेल्मेट आले. परंपरा मोडली नाही, मुले मात्र अधिक सुरक्षित झाली.

आपल्या विदर्भाला तर हा धडा परका नाही. मल्लखांब हाही एके काळी जत्रेतली किंवा आखाड्यातली कसरतच मानला जाई. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. नियम, गुण, वयोगट, खाली गाद्या आणि वर्षभर शिकवणारे वस्ताद मिळाले तसा तो राष्ट्रीय स्पर्धांत पोहोचला आणि २०२२ मध्ये पंचकुल्यात झालेल्या खेलो इंडिया स्पर्धेत त्याचा समावेश झाला.

तेव्हा माझे मत असे की, मनोरा रचणे हा अवश्य खेळ मानावा. ताकद, तोल, शिस्त आणि परस्परांवरचा विश्वास यांत तो कोणत्याही खेळाहून कमी नाही. परंतु खेळ मानल्यावर वर्षातून एकदा ऐन सणाच्या दिवशी डांबरावर उभे राहणे बंद झाले पाहिजे. इतवारी-महालातल्या एखाद्या मंडळाने महिनाभर आधी गाद्या घालून सराव सुरू केला, तर ती मोठ्या बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट होईल.

पालकांनी व मंडळांनी लक्षात ठेवावे

१४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही थरावर पाठवू नये. फिट येणे, चक्कर, हृदयविकार, दमा, कानाचे तोलाचे विकार, जुनी मानेची वा पाठीची दुखापत असेल त्याने थरात उभे राहू नये. वरच्या गड्याला हेल्मेट व सुरक्षादोर हवाच. त्या दिवशी हलके खाऊन आणि पुरेसे पाणी पिऊन यावे.

कोणी पडला तर गर्दी त्याला हातापायाला धरून उचलते. हे सर्वांत घातक. मान मोडलेली असेल तर त्या एका हिसक्याने मज्जारज्जू कायमचा तुटू शकतो. श्वास चालू आहे ना ते पाहावे, डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलवणे अटळच असेल तर चार जणांनी डोके, मान व धड एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसे एकदम वळवून सपाट फळीवर घ्यावे. पाणी पाजू नये. हेल्मेट ओढून काढू नये.

डोक्याला मार लागलेला मुलगा उठून बसला, बोलू लागला, म्हणून निर्धास्त होऊ नका. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल तर काही तास तो बरा दिसतो आणि नंतर अचानक बेशुद्ध पडतो. निदान २४ तास त्याला एकटे सोडू नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एक बाहुली मोठी दिसणे, हातापायात अशक्तपणा किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही लक्षण दिसताच सकाळची वाट न पाहता मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आणि प्रमाणपत्राविषयी. आपले डॉक्टर ते नाकारत असतील तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी मंडळाला एवढेच विचारा की, खाली गादी आहे का, वर दोर आहे का, रुग्णवाहिका उभी आहे का. तिन्हींपैकी एकाचे उत्तर जरी 'नाही' आले, तर मुलाला घेऊन हंडी पाहायला जरूर जा, थरात मात्र उभे करू नका.