स्कोपचा नवा प्रोब घेताना

अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंना आम्ही सांगू इच्छितो की, प्रोब तुटल्यास केवळ जास्त मेगाहर्ट्झ पाहून नवा घेऊ नये. ऑडिओ २० किलोहर्ट्झपर्यंतच असतो. ६० मेगाहर्ट्झचा प्रोब पुरतो. पाहायचे ते वेगळेच. स्कोपच्या इनपुटपाशी '१ मेगओहम, २० पिकोफॅरड' असे काही छापलेले असते. हा पिकोफॅरडचा आकडा प्रोबच्या कॉम्पेन्सेशनच्या मर्यादेत बसला पाहिजे. नाहीतर स्क्रू कितीही फिरवला तरी चौकोनी लहर वाकडीच दिसते, आणि चांगल्या अँप्लिफायरमध्ये दोष शोधण्यात दिवस वाया जातो. एरवी १०-एक्स वापरावा, अगदी बारीक सिग्नलसाठीच १-एक्स. व्हॉल्व्हच्या सेटसाठी प्रोबची व्होल्टमर्यादाही वाचावी. बाजारात जाताना स्कोपवरचा आकडा कागदावर लिहून न्यावा.