गाडी बोटीत चढवताना

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता स्वतः स्कूटी चालवतात. काही गटांनी कर्ज काढून मालाची तीनचाकी, म्हणजे आपली अ‍ॅपे घेतलीय. पापड, मसाले, बेदाणे, नागलीची बिस्किटं घेऊन कोकणातल्या प्रदर्शनाला जायचं आणि येता येता हरिहरेश्वर, गणपतीपुळे करायचं, असे बेत बैठकीत निघतात. मग कुणीतरी विचारतं, "मधे खाडी लागते म्हणे, गाडी बोटीत घालावी लागते. ते कसं असतं?" म्हणून हा लेख.

आधी रस्त्याचं बघू. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवरही तसंच. म्हणजे आपल्याला कसारा घाट उतरून जुन्या आग्रा रोडनेच भिवंडी, पनवेल, पेण असं जायचंय. पुढे अलिबाग, मुरूड करत किनाऱ्याने खाली निघालात की एकामागून एक चार खाड्या लागतात. आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी. बागमांडला ते वेश्वी ही बाणकोटची, म्हणजे सावित्री नदीचं मुख. दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची. आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्री नदीची. या चारही ठिकाणी गाड्या नेणारी फेरीबोट आहे. दाभोळची २००३ साली सुरू झाली. तिकडची माणसं हिला 'जंगलजेट्टी' म्हणतात, नाव ऐकून गोंधळू नका. दाभोळहून गुहागरला बोटीने नाही गेलात तर चिपळूणचा मोठा वळसा पडतो. डिझेल तर जळतंच, वर अख्खी दुपार जाते. या खाड्यांवर पूल बांधायचे ठरलंय, पण तोवर बोटच खरी.

बोट म्हणजे काय, तर सपाट लोखंडी पाट. पुढची बाजू खाली पडते आणि तिचाच उतार होतो, त्यावरून गाडी आत. मोठ्या गाड्या कुठे, दुचाक्या कुठे, हे बोटीवरचे खलाशी सांगतात. त्यांच्या हाताकडे बघून चालवायचं. काही बोटींना एकच तोंड असतं, तेव्हा गाडी रिव्हर्सने चढवावी नाहीतर उतरवावी लागते. भरलेली अ‍ॅपे ओल्या उतारावर मागे घेणं हे सोपं काम नाही. जी ताई गाडी चालवणार आहे तिने घरी मोकळ्या जागेत, माल भरून, चार वेळा रिव्हर्सचा सराव करावा. तिथे मागून हॉर्न वाजायला लागले की हातपाय गळतात.

चढताना गाडीत फक्त चालवणारी. बाकीच्यांनी खाली उतरून चालत जायचं, स्कूटीवर मागे बसलेलीनेसुद्धा. लोखंडी पत्रा ओला असतो, जेट्टीच्या उताराला शेवाळ असतं. पहिल्या गिअरमध्ये, हळू, सरळ रेषेत जा. मधेच करकचून ब्रेक दाबलात तर चाक घसरलंच समजा. साडीचा पदर आणि ओढणी आधीच खोचून घ्या.

आता भरती-ओहोटी. पाणी उतरलं की जेट्टीचा उतार लांब, चढा आणि निसरडा होतो. ओझं भरलेल्या तीनचाकीला ही वेळ टाळलेली बरी. ती कशी ओळखायची? कोळी लोकांचा जुना हिशोब आहे आणि तो आपल्याला सगळ्यात सोपा जाईल, कारण तिथी आपल्या तोंडावर असते. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. संकष्टीलाही तोच हिशोब, कारण वद्य पक्षात आकडा पुन्हा एकपासून मोजायचा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज येतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. त्या दिवशी भरती बाराच्या आसपास असते आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी एकदम खाली गेलेलं असतं. पौर्णिमेचा मुहूर्त धरून देवदर्शनाला निघणाऱ्या बायांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

बोट सुटली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. स्कूटी स्टँडवर लावून निघून जाऊ नका, हाताने धरून शेजारी उभ्या राहा. लाट आली की एक गाडी पडते आणि शेजारच्या चार घेऊन जाते. अ‍ॅपेच्या मागे दोन्ही चाकांना लाकडी ओंडके किंवा दगड लावा. आणि कितीही ऊन असो, गाडीत बसून राहू नका, लेकरांना तर मुळीच ठेवू नका. काही झालं तर बंद गाडीतून बाहेर पडता येत नाही. स्टॉलसाठी गॅस सिलिंडर घेतला असेल तर चढण्याआधी खलाशाला सांगा. शक्यतो तो नेऊच नका, तिकडेच सोय करा.

लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत हे विचारायला लाजू नका. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कळाशी–कुगाव दरम्यान वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली, सहा जण गेले. ते काही समुद्राचं पाणी नव्हतं, आपल्याकडे असतं तसं धरणाचंच होतं. मोठ्या फेरीबोटीपेक्षा अशा छोट्या बोटीचा धोका जास्त. त्यात कुणी "ताई, मोटारसायकल पण बसते, टाका" म्हणालं तरी टाकू नका. आभाळ भरून आलंय, वारा सुटलाय, तर थांबा. वळसा पडला तरी चालेल.

आता कागदांचं, कारण खरं नुकसान इथे होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असतो. त्यात दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं, आपल्या गाडीचं नाही. बोटीत गाडी आपटली, पाण्यात गेली, तर हप्ते मात्र गटाला फेडत बसावे लागतील. सर्वसमावेशक विमा असेल तर रस्ता, रेल्वे आणि देशातल्या जलमार्गाने गाडी नेतानाचं नुकसानही साधारणपणे त्यात धरलेलं असतं. पण निघण्याआधी आपल्या पॉलिसीच्या कागदावर ते वाचून घ्या, नाहीतर एजंटकडून वाचून घ्या. आत भरलेला माल या विम्यात येत नाही, त्याचा विमा वेगळा. दुसरं, मालाच्या गाडीत मागे पाच-सहा बायका बसवून नेऊ नका. ते नियमातही बसत नाही, आणि अपघात झाला तर भरपाई अडकते. माल अ‍ॅपेत, बायका एसटीने, हे थोडं महाग पडेल पण बरं पडेल. प्रवासी रिक्षा घेऊन निघणार असाल तर तिचा परवाना कोणत्या हद्दीचा आहे ते आरटीओत विचारा.

तिकीट माणसाचं वेगळं, गाडीचं वेगळं. दर जेट्टीवरच्या पाटीवर असतात, पावती घ्या, गटाच्या खर्चात लावता येते. शेवटची बोट किती वाजता ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, कारण ती चुकली तर मुक्काम. पावसाळ्यात वेळा बदलतात.

आणि घरी आल्यावर गाडी गोड्या पाण्याने खालून नीट धुवा, चेनला तेल द्या. खारं पाणी पत्रा आठवडाभरात धरतं.