धारचं ‘ज्ञानदूत’ : खिडकी गावात आली, पण आत बसलेल्याचं काय?

धार/देवास : नोकरीधंद्यासाठी पुण्या-नाशिककडे गेलेल्या, पण जमीन अजून इकडेच असलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न नेहमी येतो. ऑनलाइन अर्ज भरला, पैसेही कापले गेले, मग काम का होत नाही? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. धार जिल्ह्याने हा धडा पंचवीस वर्षांपूर्वीच गिरवलाय.

१ जानेवारी २००० ला धारमध्ये ‘ज्ञानदूत’ सुरू झालं. मोबाइल तेव्हा चैनीची वस्तू होती. अर्ध्याहून जास्त लोकवस्ती आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात पंचायतींच्या इमारतींमध्ये कॉम्प्युटर बसवले. या केंद्राला नाव दिलं सूचनालय. एकेक सूचनालय २५-३० गावांसाठी. ते चालवणारा गावातलाच शिकलेला पोरगा, त्याला म्हणायचे सूचक. सूचकाला पगार नव्हता, लोक देतील ती फी हीच कमाई, आणि तिच्यातले दहा टक्के पंचायतीचे. मंडीतला भाव बघायचे ५ रुपये, तक्रार नोंदवायचे १० रुपये, खसऱ्याच्या नकलेचे १५ रुपये. पटवाऱ्यामागे चकरा मारून जो कागद मिळायचा, तो इथे १५ रुपयांत हातात येऊ लागला.

आता ही यंत्रणा चालायची कशी ते बघू. मी कॉमर्सचा माणूस, मला हे बँकेच्या हिशेबानेच कळतं. बँकेत खिडकी असते आणि आत खातेवही असते. आपण खिडकीशी बोलतो, नोंद मात्र वहीत होते. कॉम्प्युटरवाले खिडकीला क्लायंट म्हणतात आणि वही जिथे असते त्याला सर्व्हर. ज्ञानदूतमध्ये सूचनालयातला कॉम्प्युटर ही खिडकी, आणि सर्व्हर धारला जिल्हा पंचायतीत. मधली वाट टेलिफोनच्या तारेची, डायल करून जोडायची. इंटरनेट नव्हे, जिल्ह्यापुरतं आपलं जाळं, ज्याला इंट्रानेट म्हणतात. आज तुमच्या मोबाइलमधला ब्राउझर हीसुद्धा खिडकीच आहे, फक्त ती खिशात आलीय.

त्याच साली ज्ञानदूतला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. धारचं नाव परदेशात गेलं, बघायला पाहुणे येऊ लागले. पण गावात वेगळंच चाललं होतं. वीज जायची, बॅटरी तरी किती वेळ तग धरणार? लाइन लागायची नाही. आणि लाइन लागली तरी खरी गोम पुढेच होती. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्याचा अर्ज सर्व्हरपर्यंत क्षणात पोहोचायचा, पण त्यापुढे टेबल तेच, बाबू तोच आणि सहीही तीच. तक्रारीला सात दिवसांत उत्तर मिळेल, असं ठरलं होतं. उत्तर वेळेत आलं नाही की माणूस पुन्हा १० रुपये कशाला घालवील? आणि गिऱ्हाईक तुटलं की बिनपगारी सूचक तरी किती दिवस बसून राहणार?

त्याच वर्षी जूनमध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांसाठी ई-चौपाल सुरू केलं. देवासकडच्या वाचकांना सोयाबीन म्हणजे काय ते सांगायला नको. कॉम्प्युटर तसाच, फक्त पंचायतीऐवजी एका शेतकऱ्याच्या घरात. विजेचा आणि लाइनचा भरवसा नाही म्हणून सौर पॅनल आणि उपग्रहाची छत्री लावली. पण मोठा फरक दुसराच होता. इथे पडद्यावर दिसणारा भाव ज्याचा, माल घेणाराही तोच. म्हणजे आतल्या माणसाला उत्तर देण्याची गरज होती. कंपनीने हे धर्मादाय म्हणून केलं नाही, हेही खरंच.

सरकारी टेबलावरच्या माणसाला ती गरज लागली पुढे २०१० मध्ये, मध्य प्रदेशच्या लोकसेवा गॅरंटी कायद्याने. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. अर्जाला मुदत आली, आणि उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड. महाराष्ट्रात असा कायदा २०१५ मध्ये आला.

म्हणून पडद्यावर ‘सबमिट’ दाबलं म्हणजे झालं, असं समजू नका. गोल चक्र फिरतंय तोवर खिडकी फक्त वाट बघतेय. अर्ज क्रमांक आला तरच नोंद वहीत चढली. क्रमांक न येता पैसे कापले गेले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी पोर्टलवर व्यवहाराची स्थिती तपासा. क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. लोकसेवा केंद्रातून अर्ज केला तर पावतीवरची मुदतीची तारीख बघून घ्या, उशीर मोजायचा तो तिथूनच. जमिनीचा कागद हवा असेल तर महाराष्ट्रातल्या सवयीने सातबारा शोधू नका, इकडे खसरा आणि बी-१ खतौनी म्हणतात.

आणि आपल्या लोकांची एक खास अडचण. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, इकडे ‘ग्य’. ज्ञानदूतचंच इंग्रजी स्पेलिंग ‘जी’ने सुरू होतं, आणि महाराष्ट्रात शिकलेल्या ज्ञानेश्वरचं ‘डी’ने. खिडकीवरचा माणूस समजून घेईल, सर्व्हर अक्षर अन् अक्षर जुळवतो. दोन राज्यांत कागद असतील तर अर्ज करण्याआधी आधार, बँक आणि जमिनीच्या नोंदीतलं नाव शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचून घ्या.