एका श्वासाची बुडी

विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणायची पैज लहानपणी तुम्हीही लावली असेल. तोच खेळ बहामा बेटांत मोठ्या इरेने चालतो. तेथील लाँग आयलंडवर किनाऱ्यालगतच ‘डीन्स ब्लू होल’ हा सुमारे २०२ मीटर खोल समुद्री डोह आहे. २००८ पासून तेथे ‘व्हर्टिकल ब्लू’ स्पर्धा भरू लागली आणि देशोदेशीचे पाणबुडे सरावाला जमू लागले. एका श्वासात दोराच्या कडेने खाली जायचे आणि मातीऐवजी तेथे लावलेली चिठ्ठी वर आणायची!

तुम्ही म्हणाल, धोका खोलात. पण खरा घात पुष्कळदा वर येताना होतो. जीव गुदमरतो तो प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः रक्तात कर्बवायू साठल्यामुळे. बुडीपूर्वी भराभर श्वास घेतले, तर कर्बवायू निघून जातो. प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग गुदमरण्याची सूचना मिळायच्या आतच शुद्ध हरपते. त्यातच वर येताना पाण्याचा दाब उतरतो आणि फुप्फुसांतील प्राणवायूचा जोरही झपाट्याने घटतो.

म्हणूनच स्पर्धेत रक्षक पाणबुडे अखेरच्या टप्प्यात सोबत येतात. वर आल्यावर १५ सेकंदांत आपण शुद्धीवर असल्याची ठरलेली खूण केली नाही, तर चिठ्ठी हातात असूनही बुडी बाद!

तेव्हा विहिरीवर पैज लावाल, तर भराभर श्वास घेऊ नका. आणि पट्टीचा पोहणारा काठावर उभा नसेल, तर पाण्यात उतरूच नका.