बाटलीत विरघळणारा पुरावा

हाडाची बायॉप्सी आली की एक्स-रे पाहिल्याशिवाय काचेला डोळा लावायचा नाही, हा आमच्या पॅथॉलॉजीतला जुना दंडक. फिल्ममध्ये गुडघ्याच्या वाटीत काळी पोकळी दिसते आहे. अर्जावर सर्जननी लिहिलंय, 'जायंट सेल ट्यूमर? क्षय?' शंका रास्तच. गाऊटचं नाव अर्जावर नाही, कारण गाऊट म्हटलं की पायाचा लालबुंद अंगठा आठवतो, वाटीचं हाड नाही. त्यात रुग्णाचं युरिक ॲसिड नॉर्मल. पण ऐन दुखण्यात ते बऱ्याचदा नॉर्मलच येतं. त्या आकड्यावर मी फारशी विसंबत नाही.

"मॅडम, खडू आलाय," टेक्निशियन म्हणाला. कोरून काढलेला ऐवज खरंच खडूसारखा पांढरा, भुसभुशीत. सुदैवाने तो कोरडाच आला होता. एरवी सगळं फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतं आणि तिथेच घोळ होतो. फॉर्मॅलिन पाण्यातलं द्रावण. गाऊटचे, म्हणजे युरेटचे, स्फटिक त्यात विरघळतात. काचेवर उरतात फिकट गुलाबी, रिकामे पट्टे आणि त्यांच्या कडेने जायंट सेल. ट्यूमरच्या नावातही तोच शब्द, त्यामुळे इथे घाई नडते. ट्यूमरमध्ये या पेशी सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतात. गाऊटमध्ये त्या पट्ट्यांना घेरून बसतात.

चिमूटभर खडू काचेवर पसरला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि पोलरायझर लावला. काळोख्या क्षेत्रात सुयाच सुया लखलखल्या. मग कॉम्पेन्सेटर. त्याच्या अक्षाला समांतर असलेल्या सुया पिवळ्या, आडव्या निळ्या. स्टेज नव्वद अंश फिरवली की रंगांची अदलाबदल. संधिद्रवातले हे स्फटिक मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी 1961 मध्ये याच प्रकाशात ओळखले. आजही त्याहून खात्रीचा मार्ग नाही.

उरलेला तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये टाकून सर्जनना फोन लावला.

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"या तुकड्यात ट्यूमर नाही सर. गाऊटचा टोफस आहे, युरेटचा साठा."

"मग क्षयाचं काय?"

ते मात्र अजून ठरायचंय. गाऊट सापडला म्हणून त्याच जागी जंतू नसतीलच असं नाही. गाऊटवरच्या ॲलोप्युरिनॉलचं सर्जन फिजिशियनशी बोलतील. क्षयाच्या कल्चरला सहा आठवडेही लागतात. तोवर रिपोर्टच्या शेवटी एक ओळ राहील: 'कल्चर प्रलंबित.'