वादळाची दक्षता आणि वादळाचा इशारा

अमेरिकेच्या मध्यभागीं, ओक्लाहोमा, कॅन्सस, मिसूरी इत्यादि राज्यांत, एप्रिल-मे महिने आले कीं लोकांचें लक्ष आकाशाकडे लागतें. मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण व दमट हवा जमिनीलगत येते. पश्चिमेच्या डोंगराळ मुलखावरून आलेली कोरडी हवा तिच्यावर पसरते. उंचीप्रमाणें वाऱ्याची दिशा व वेग पालटत असला म्हणजे मेघांत चढणारा हवेचा झोत स्वतःभोंवतीं फिरूं लागतो, आणि क्वचित् हा भोंवरा जमिनीपर्यंत पोंचतो. यालाच टोर्नेडो म्हणतात. आपल्याकडील वैशाखांतली वावटळ तापलेल्या भूमीवरून उठते. हा मेघांतून उतरतो आणि घरेंच्या घरें उचलून नेतो.

अशा संकटाची सूचना आधीं द्यावी कीं नाहीं, हाच प्रश्न तेथें कित्येक दशकें वादाचा होता. जॉन फिन्ले या सैनिकी अधिकाऱ्यानें १८८४ मध्यें भाकितांचे प्रयोग आरंभिले. परंतु वरिष्ठांनीं पुढें ‘टोर्नेडो’ हा शब्दच भाकितांतून वर्ज्य केला. वादळापेक्षां घबराटीनेंच अधिक हानि होईल, अशी त्यांना भीति! ता. २० मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर टोर्नेडो कोसळून अनेक विमानें मोडलीं. फॉबुश व मिलर या दोन अधिकाऱ्यांना कारणें शोधण्याची आज्ञा झाली. पांचच दिवसांनीं आकाशाची तशीच लक्षणें त्यांना दिसलीं. त्यांनीं धैर्य करून भाकित वर्तविलें, आणि त्याच सायंकाळीं टोर्नेडो पुनः त्याच विमानतळावर आला. या वेळीं आगाऊ व्यवस्था झाल्यामुळें हानि कमी झाली. १९५० मध्यें हवामानखात्यानेंही शब्दाविषयींचा संकोच सोडला.

आज सूचना दोन प्रकारच्या असतात, आणि त्यांची गल्लत जिवावर बेतते. पहिली दक्षतेची: विस्तीर्ण प्रदेशांत पुढील कांहीं तास वादळास अनुकूल स्थिति आहे, एवढाच तिचा अर्थ. ही नॉर्मन येथील केंद्राकडून निघते. दुसरा प्रत्यक्ष धोक्याचा इशारा. टोर्नेडो कोणी डोळ्यांनीं पाहिला किंवा रडारवर त्याचें भ्रमण दिसलें, तरच स्थानिक कचेरी तो देते. मग विचार करीत बसण्यास अवकाश नसतो. तळघर, तें नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची आंतली खोली गांठावी लागते. दाबाचा समतोल राहावा म्हणून खिडक्या उघडण्याची जुनी समजूत चुकीची आहे. त्यांत अमोल क्षण मात्र जातात.

परंतु अशा इशाऱ्यांपैकीं बहुसंख्य फोल ठरतात. रडारला भोंवरा दिसतो, पण तो जमिनीस लागतोच असें नाहीं. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टींतल्या गांवकऱ्यांप्रमाणें लोकही मग सुस्तावतात. ता. २२ मे २०११ रोजीं मिसूरींतील जॉप्लिन शहरास टोर्नेडो भूमीवर उतरण्यापूर्वीं सतरा मिनिटें इशारा मिळाला होता, भोंगेही वाजले. तरी बहुतेकांनीं पहिल्या भोंग्यासरशीं आसरा घेतला नाहीं. कोणी आकाश पाहण्यास अंगणांत आले, कोणी दुसऱ्या बातमीची वाट पाहत राहिले. दीडशेहून अधिक माणसें दगावलीं. त्यांना निष्काळजी म्हणणें सोपें आहे. परंतु भोंगा ऐकण्याची त्यांना संवयच झाली होती.

चौकशीनंतर १९१२ सालच्या नव्हे, तर २०१२ सालच्या वसंतांत कॅन्सस व मिसूरींत इशाऱ्यांची भाषाच पालटून पाहण्यांत आली. केवळ ‘टोर्नेडो संभवतो’ असें न म्हणतां घरांचें काय होईल, उघड्यावरील माणसांचें काय होईल, हें स्पष्ट शब्दांत सांगण्यास प्रारंभ झाला.